उद्घाटन झाले, रोज भरणार कोण?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातली खरकट्यापासून ऊर्जेची पानभर गुणगाथा वाचली. छायाचित्रात मान्यवर नवेकोरे हातमोजे घालून केळीची साल यंत्रात सोडताना दिसले. छान. उद्यापासून ते यंत्र रोज कोण भरणार, हे मात्र आपल्या प्रतिनिधीला विचारावेसे वाटले नाही.

आमच्या सोसायटीत असा बायोगॅस प्रकल्प आहे. म्हणजे, होता. बिल्डरने दाखल्यापुरता पार्किंगमागे बसवून दिलेला. तो चालला तो आमच्या माळीमामांमुळे. मामांच्या गावी घरचा गोबरगॅस. सकाळी ओल्या कचऱ्यात हात घालून ते लिंबाची साले, नारळाच्या शेंड्या, हाडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढत. उरलेले बारीक करून तेवढ्याच पाण्यात कालवत. गॅस साठून वरची टाकी किती उचलली आहे ते बघून आज किती घालायचे ते ठरे. वॉचमनच्या खोलीतला चहा याच गॅसवर. ज्योत निळी दिसली की मगच मामा आधण ठेवत.

मग वार्षिक सभेत एका हुशार सभासदाने हिशेब मांडला: मामांचा पगार वाचवू, हाउसकीपिंगची पोरे 'तेवढे' करतील. मी विरोध नोंदवला. इतिवृत्तात तो 'चर्चा झाली' असा आला आहे. पुढे क्लबहाउसमध्ये एक लग्न झाले. उरलेला भात, बुंदी आणि जिलेबीचा पाक, सगळे पोरांनी एका दमात टाकीत ओतले. दोन दिवसांनी बघावे तर टाकी वर आलेली, पण शेगडी काही पेटेना! माझा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, म्हणून लिटमस घेऊन गेलो. निळा कागद बुडवला, क्षणात लाल, म्हणजे आम्ल. गोडधोड मिळाले की आम्ल करणारे जंतू झपाट्याने वाढतात. त्या आम्लाचा मिथेन करणारे जंतू मुळात संथ, आणि आंबटपणा वाढला की तेच आधी मान टाकतात. मग निघतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो पेटणार कसा? भरणे थांबवायचे, थोडा चुना घालायचा, एखाद्या चालू गोबरगॅसमधली स्लरी, म्हणजे जंतू असलेला राबडा, आणून ओतायची आणि वाट बघायची, एवढेच करायचे होते. पुरवठादाराला फोन केला, तर देखभालीचा करार संपला आहे, नवाच प्लांट का घेत नाही, असा सल्ला मिळाला. सध्या त्या टाकीवर पायपुसणी वाळतात.

आपल्या लेखात या तंत्राला 'अत्याधुनिक' म्हटले आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरत होते! आपल्या पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारे घरगुती संयंत्र केले. २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे बायोगॅस संयंत्र उभे केले. त्यात कचरा दळून, गरम पाणी घालून आधी हवेवर कुजवतात आणि मगच बंद टाकीत सोडतात. हे सगळे घरचेच असताना अडते कुठे? पगारपत्रकात. यंत्रासाठी टेंडर निघते, ते भरणाऱ्या माणसासाठी साधे पदही नसते. इंदूरचा रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प आपण ठळक टायपात दिलात. तिथे घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा उचलतात, ही ओळ मात्र शेवटच्या परिच्छेदात, तीही जाहिरातीच्या वर दडपून.

जाहिरातीवरून आठवले. आपल्या अंकातून रोज जी गुळगुळीत पत्रके पडतात, त्यांत लोक खरकटे बांधून टाकतात. मामांचा निम्मा वेळ ती सोडवण्यात जाई, कारण त्यांवरचा चकचकीत थर टाकीत कुजत नाही. पत्रके बंद करा असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. निदान पर्यावरणाच्या पानाच्या घडीत तरी ती घालू नयेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, पुणे