चाळीस विहिरी जागेवर आणणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, पुढची शीट कुठली?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय, आता तुम्हाला मला अडवता येणार नाही.

संगमनेरच्या पठार भागात पाणलोटाच्या कामासाठी आम्ही चौघींनी ४० विहिरींच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपल्या होत्या. एप्रिलचं ऊन, आणि प्रत्येक कठड्याशी रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं. रात्री क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या टोपोशीटच्या (डोंगर-ओढे दाखवणाऱ्या सरकारी नकाशाच्या) स्कॅनवर ठिपके टाकले, तर शाळेमागची विहीर ओढ्याच्या पलीकडे गेलेली आणि देवळाजवळची थेट डोंगरउतारावर! मला वाटलं, आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली. पुन्हा सगळं मोजायला निघणार, तेवढ्यात ओळखीतून तुमचा नंबर मिळाला.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "सगळ्या विहिरी एकाच बाजूला सरकल्यात का?"

बघितलं. सगळ्याच्या सगळ्या वायव्येला सरकलेल्या, शंभर मीटरहून थोड्या जास्त. तुम्ही म्हणालात, "मग तुमचं मोजमाप चोख आहे. शीट वेगळ्या पृथ्वीवर काढलीय."

त्या रात्री तुम्ही तासभर समजावत होतात. पृथ्वी काही अगदी गोल नाही, म्हणून नकाशा काढायला तिचा एक गणिती आकार धरावा लागतो. आपल्या जुन्या शीट १८३० च्या एव्हरेस्ट नावाच्या आकारावर बेतलेल्या, आणि त्यांच्या मोजणीची सुरुवात मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या सर्वेक्षण स्थानकापासून. तो आकार भारताला नीट बसेल असा ठेवलेला, त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यावर येत नाही. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकारावर चालतं, त्याचा मध्य पृथ्वीचाच. म्हणून एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे. १:५०,००० च्या शीटवर १०० मीटर म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर, पेन्सिलीच्या बोथट टोकाएवढं. पण तेवढ्यात विहीर ओढा ओलांडते. क्यूजीआयएसमध्ये शीटला तिची खरी बैठक, म्हणजे कुठला आकार आणि कुठली सुरुवात, सांगितली, आणि चाळीसही ठिपके एका क्षणात आपापल्या मळ्यात जाऊन बसले. तो क्षण मी विसरूच शकत नाही, काका. स्क्रीनला हात लावून बघितलं होतं मी.

नंतर तुम्ही मला शीट वाचायलाही शिकवलंत. काळ्या बारीक रेघांना मी पायवाटा समजत होते. तुम्ही सांगितलंत, ते कोरडे ओढे. बारमाही पाणी असेल तिथेच निळा रंग. समोच्च रेषांचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) टोक चढाकडे वळलं की घळ, उताराकडे वळलं की सोंड, म्हणजे डोंगराचा पुढे आलेला भाग. बांधाची जागा ठरवताना आता आधी ती टोकं शोधते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या डब्ल्यूजीएस ८४ वरच्या ओपन सिरीज शीट, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ, ओपनस्ट्रीटमॅप हे सगळं तुमच्यामुळे उघडून बघू लागले. आणि तुमची सवयही लागली: नकाशा समोर आला की आधी कोपरा बघायचा. कधी मोजलाय, कुठल्या बैठकीवर काढलाय.

आमचा विहिरींचा नकाशा आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. तुमच्या सांगण्यावरून उजव्या कोपऱ्यात मोजणीची तारीख, डब्ल्यूजीएस ८४ आणि आम्हा चौघींची नावं लिहिली आहेत. तुमचं नाव घालू दिलं नाहीत, याची मात्र रुखरुख आहे.

रविवारी सकाळी फोन करते. शेजारच्या गावाच्या २३ विहिरी टिपून झाल्या. त्यातल्या तीन सरकलेल्या दिसतात, पण तिन्ही वेगवेगळ्या दिशांना. म्हणजे या वेळी दोष शीटचा नाही. त्या तिन्ही मी शनिवारी जाऊन पुन्हा मोजते, मगच तुम्हाला दाखवते.

तुमची,
पठारावरची विद्यार्थिनी