सरकारी म्हणजे सार्वजनिक नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीच्या इतिहासावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. दूरचित्रवाणीचे आद्य संशोधक जॉन बेअर्ड यांची यंत्रणा, तिला मागे टाकणारी, पडद्यावरचे चित्र ४०५ रेषांत मांडणारी पद्धत, २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झालेली बीबीसीची सेवा, हे सारे त्यात नीट आले आहे. मात्र लेखकाने ‘सरकारी’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले आहेत.

बर्लिनमध्ये नियमित प्रक्षेपण बीबीसीच्याही आधी, मार्च १९३५ मध्येच सुरू झाले होते. ते नाझी राजवटीच्या मुठीत होते. त्याला सार्वजनिक म्हणायचे का? युद्धानंतर पश्चिम जर्मनीत प्रसारण मुद्दाम प्रांतोप्रांती वाटले गेले. तरीही चान्सलर आडेनाउअर यांना दुसरी वाहिनी केंद्राच्या हाताखाली हवीच होती आणि त्यासाठी त्यांनी कंपनीही काढली. १९६१ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. प्रसारण सरकारच्या किंवा कोणा एका गटाच्या ताब्यात जाता कामा नये, असे न्यायालयाने बजावले. मग प्रांतांनीच एकत्र येऊन झेडडीएफ ही वाहिनी १९६३ मध्ये सुरू केली. सार्वजनिक प्रसारणाच्या इतिहासात या निकालाला एक ओळही मिळू नये?

दुसरा मुद्दा पैशाचा. ब्रिटनमध्ये १९४६ पासून दूरचित्रवाणीसाठी परवाना शुल्क आहे, जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेही प्रेक्षकांच्या शुल्कावर चालते. शुल्क भरायला कोणालाच आवडत नाही (मलाही आवडले नसते), आणि ब्रिटनमध्ये त्याचा आकडा सरकारच ठरवते, हेही खरे. पण अमेरिकेची तऱ्हा पाहा. तिथे १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणाला केंद्राचा निधी मिळाला, पण तो काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मर्जीवर. १९६९ मध्ये मुलांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांना त्यासाठी सिनेट समितीपुढे साक्ष द्यावी लागली. २०२५ मध्ये तर मंजूर झालेला निधीही काँग्रेसने काढून घेतला.

आपल्याकडे दूरदर्शन आणि आकाशवाणी यांना स्वायत्त करणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला. तो लागू व्हायला १९९७ उजाडले. मधल्या वर्षांत सत्तेवर आलेल्यांपैकी कोणालाच घाई नव्हती.

आणि ग्रीस? ११ जून २०१३ रोजी तिथल्या सरकारने ईआरटी ही सार्वजनिक प्रसारण संस्था बंद करण्याची घोषणा केली आणि काही तासांतच पडदे काळे झाले. ती पुन्हा सुरू झाली २०१५ मध्ये, सरकार बदलल्यावर.

आपला,
एक नियमित वाचक