सायकल कंपनीची, पगार आपला

लेस्टर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीने सायकल दिली तर ती पर्क्विझिट, म्हणजे पगाराबाहेरचा लाभ, धरून तिच्यावर कर लागायला हवा, ही तुमची शंका बरोबर आहे. इथेही मूळ नियम तोच. पण १९९९ साली ब्रिटनने कामावर जायच्या सायकलीला त्यातून सूट दिली; हीच इथली ‘सायकल टू वर्क’ योजना. अमोल पुढच्या महिन्यात इथे रुजू होतोय, म्हणून सविस्तर लिहिते. त्यालाही वाचायला द्या.

सगळी मेख मालकीत आहे. सायकल कंपनी विकत घेते आणि कर्मचाऱ्याला भाड्याने देते, बहुधा १२ महिन्यांच्या कराराने. भाडं कर कापण्याआधीच्या पगारातून वळतं होतं. तेवढा पगार मिळालाच नाही असं धरतात, म्हणून त्यावर प्राप्तिकरही नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) नाही. मात्र कराराच्या मुदतीत सायकल त्याच्या नावावर झाली की सूट गेली.

१,२०० पौंडांची सायकल धरा. महिना १०० कापले जातात, पण २० टक्के कर आणि ८ टक्के इन्शुरन्स वाचल्यामुळे हातातला पगार ७२नेच घटतो. वर्षाचे झाले ८६४. ४० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचे ६९६च, कारण त्याचा इन्शुरन्स २ टक्के असतो. (स्कॉटलंडात प्राप्तिकराचे दर वेगळे.)

योजनेच्या जाहिराती इथेच थांबतात, आणि लोक फसतात ते याच्या पुढे. वर्ष संपलं तरी सायकल कंपनीचीच असते. ती फुकट किंवा नाममात्र किमतीत दिली, तर बाजारभावातल्या फरकावर कर लागतो. बाजारभाव किती धरायचा याचा तक्ता कर खात्यानेच दिलाय: ५०० पौंड किंवा त्याहून महाग सायकल वर्षानंतर मूळ किमतीच्या २५ टक्के, चार वर्षांनंतर ७ टक्के. म्हणजे वर्षाअखेर लगेच विकत घेतली तर आणखी ३०० पौंड. एकूण १,१६४, आणि बचत फक्त ३६! म्हणून बहुतेक ठिकाणी करार आणखी तीन वर्षं लांबवतात. ७ टक्के, म्हणजे ८४ पौंड, एकदाच अनामत घेतात, पुढे भाडं नाही, आणि शेवटी तीच अनामत किंमत म्हणून वळती करतात. एकूण ९४८, बचत २५२. आपल्या कंपनीत यातलं काय होतं, हे अमोलने सही करण्याआधी लेखी विचारावं.

कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, त्यामुळे कमी पगारावर लागलेल्यांना ही योजना मिळतच नाही. मला हे खटकतं. सायकलीची खरी गरज त्यांनाच असते. मधेच नोकरी सोडली तर उरलेले हप्ते कर कापलेल्या पगारातून जातात, सवलत बंद. बाळंतपणाच्या रजेचा वैधानिक पगारही घटलेल्या पगारावर मोजतात, तेव्हा त्या बेतात असणाऱ्यांनी आधी गणित मांडावं.

वापर निम्म्याहून जास्त कामाच्या जाण्यायेण्यासाठी हवा. घर ते स्टेशन एवढी चालवली तरी ती त्यात धरतात. हेल्मेट, दिवे, कुलूप, मडगार्ड याच करारात घालता येतात, ते त्याने विसरू नये. बॅटरीची सायकलही चालते, पण मोटर २५० वॉटपर्यंतची आणि तिची मदत ताशी १५.५ मैलांवर बंद होणारी हवी.

कराराचा मसुदा हातात आला की मला पाठवायला सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
सुमा