गोळ्यांची बाटली आता लपवायची नाही

नागपूर, १२ ऑक्टोबर २०१९

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलेत, की तपासणीत एचआयव्हीचा विषाणू सापडत नाही, तर गोळ्या जन्मभर कशासाठी? शेजारी कार्यालयातली माणसे होती, म्हणून मला नीट उत्तर देता आले नाही. ते देताना ताईच्या लग्नातली एक गोष्टही सांगावी लागेल, जी मी आजवर तुमच्यापासून लपवली.

मे २०१८ मध्ये मी काटोलला वीस दिवस होतो. तेव्हा मला रात्री एकच गोळी असे. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि इफाविरेन्झ अशी तीन औषधे होती. घर पाहुण्यांनी भरलेले, बैठकीत ओळीने गाद्या टाकलेल्या, आणि बाटली आईने धान्याच्या कोठीमागे ठेवलेली. आई, ती तू माझ्या काळजीनेच तिथे ठेवलीस, हे मी जाणतो. पण कोठीजवळ रात्री कोणी ना कोणी जागे असे, आणि मी दोन दिवस गोळी घेऊन तीन दिवस चुकवत राहिलो. नागपूरला परतल्यावरही मोडलेली सवय लवकर जुळली नाही.

हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे एखाद्या औषधाला न जुमानणारा विषाणू त्यांत निपजतोच. तिन्ही औषधे एकाच वेळी रक्तात असली, तर एकातून निसटलेला दुसऱ्याला सापडतो. मात्र इफाविरेन्झ इतर दोन औषधांच्या मानाने रक्तात पुष्कळ जास्त काळ रेंगाळते. गोळी वारंवार चुकली, की ते जवळजवळ एकटेच लढत राहते, आणि त्याला निष्प्रभ करायला विषाणूतला एकच बदल पुरतो. माझ्या अर्धवट औषधात नेमके असे विषाणू तगले आणि वाढले.

पावसाळ्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासला तेव्हा आकडा अठरा हजारांवर होता. तो हजाराच्या आत असायला हवा होता. त्यानंतर तीन महिने मी एकही गोळी चुकवली नाही, तरी आकडा हजाराच्या वरच राहिला, आणि डॉक्टरांनी औषधे बदलली. संक्रांतीला माझे पिवळे डोळे पाहून आईने काविळीचे झाडपाल्याचे औषध मागवले होते, ते या बदलामुळे. नव्या औषधांतल्या अॅटाझानाविरने यकृताला इजा न होताही डोळे पिवळे होऊ शकतात. त्या दिवशी मी कारण न सांगता गप्प बसलो, याचे मला अजून वाईट वाटते.

बाबा, विषाणू सापडत नाही याचा अर्थ तो गेला असा नाही. काही पेशींत तो निद्रिस्त राहतो, आणि गोळ्या थांबवल्या, की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच परत येतो. लग्नाच्या वेळी निपजलेला प्रतिरोधी विषाणूही तिथेच दडून असणार, म्हणून जुन्या गोळीवर मला पुन्हा भिस्त ठेवता येणार नाही. सरकारी केंद्रांवर ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली, त्यामुळे आपल्यासारख्या घरांना मोठा आधार झाला. परंतु सध्याचीही औषधे मी अशीच गमावली, तर पुढे पर्याय फार थोडे उरतात.

म्हणून दिवाळीला घरी येण्याआधी एक मागणे आहे. अॅटाझानाविर जेवणाबरोबर घ्यायचे असते. माझ्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी राहू द्या, आणि मी त्या सगळ्यांच्या पंगतीत बसून घेईन. कोणी विचारले, तर उत्तर मी देईन; तुम्हाला काही बोलावे लागणार नाही. आणि आई, फराळानंतर पित्ताची गोळी मला देऊ नकोस, कारण पोटातले आम्ल कमी झाले, तर हे औषध अंगात नीट शोषले जात नाही.

धनत्रयोदशीला दुपारच्या एसटीने निघतो.

तुमचा,
नाना