सुशी : आधी भात, मग मासा

महोदय,

सोलापुरातल्या मुलांना सुशीची, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या जपानी पदार्थाची, ओळख हॉटेलाआधी व्हिडिओ गेममधून होते आहे. २०२३ साली आलेल्या ‘डेव्ह द डायव्हर’मध्ये दिवसा समुद्रात बुडी मारून मासे धरायचे आणि रात्री त्यांचीच सुशी गिऱ्हाइकांना वाढायची. खेळ सुंदर आहे. पण धरलेला मासा त्याच रात्री कच्चा खाता येतो, ही त्यातून मनात बसणारी समजूत घातक आहे, म्हणून हे पत्र.

उजनीचा कटला, रोहू किंवा चिलापी कितीही ताजी असली तरी कच्ची खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतात घर करणाऱ्या चपट्या कृमींची पिल्लं असू शकतात. लिंबू, व्हिनेगर किंवा मिठाने ती मरतील याचा भरवसा नाही. समुद्री माशातल्या कृमींसाठी मासा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवतात. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ वर चालतो आणि दार उघडलं की तापमान चढतं, त्यामुळे तो या कामाचा नाही. शिवाय गोठवण्याने कृमी मरतात, जंतू नाही. बांगडा, टूना यांचा बर्फ वाटेत वितळला तर त्यांत अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर शिजवूनही जात नाही. किनाऱ्यापासून इतक्या लांबच्या शहरात हे विसरून चालणार नाही.

तेव्हा घरी काकडीची सुशी करावी. जपानमध्येही ती आवडीने खातात, हलकी समजत नाहीत. खरी परीक्षा भाताची आहे. बासमती किंवा कोलम चिकटत नाही, रोल कापताना सुटतो. जपानी आखूड तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालतो. ३०० ग्रॅम तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा आणि ३६० ते ४०० मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून मंद शिजवा. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घ्या. कुकरच्या शिट्ट्यांवर सोडला तर गिचका होतो. गॅस बंद करून १० मिनिटं वाफेत ठेवा. ६० मिलिलिटर राइस व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर आणि १ छोटा चमचा मीठ विरघळवून गरम भातावर घाला, उलथन्याने कापल्यासारखं हलवा, पंख्याने वारा घाला. परात स्टीलची किंवा लाकडी घ्या, बिनकल्हईची पितळी अजिबात नको.

आंबट लागतं म्हणून व्हिनेगर कमी करू नका. भात शिजला तरी बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही टिकतं. त्यांना आवर घालतो तो आंबटपणाच. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत डब्यात फिरणारी सुशी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भात फ्रीजमध्ये ठेवला तर कडक होतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. टोकियोचे सुशीचे नामवंत आचारी जिरो ओनो यांच्यावरच्या २०११च्या माहितीपटातही भात अंगाइतका कोमट वाढण्यावर भर आहे.

रोल गुंडाळायला नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, घ्या आणि तिची खरखरीत बाजू वर ठेवा. हात व्हिनेगरच्या पाण्यात ओले करून भाताचा पातळ थर द्या आणि वरची २ सेंटिमीटर पट्टी मोकळी सोडा, नाहीतर कड चिकटत नाही. काकडीच्या बिया काढा, त्यांच्या पाण्याने नोरी लिबलिबीत होते. प्रत्येक कापाआधी सुरी ओल्या फडक्याने पुसा.

शहरात सुशी विकणाऱ्यांना एक विनंती. मेन्यूवर मासा कोणता, कच्चा की शिजवलेला, हे लिहा. शाकाहारी रोलसाठी पाट आणि सुरी वेगळी ठेवा आणि सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क असेल तर तेही नोंदवा. आपल्या दैनिकाच्या पाककृतीच्या पानावर सुशी छापाल तेव्हा फोटोखाली भाताचं प्रमाण आणि गोड्या पाण्यातल्या माशाबद्दलची ही सूचना जरूर द्यावी.

— एक वाचक, जुळे सोलापूर