काकूंच्या लुगड्यांविषयी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकू गेल्यानंतर त्यांचे कपाट उघडण्याचे धैर्य तुला इतक्या महिन्यांनी झाले आणि आता त्यातील लुगड्यांचे काय करावे, असे तू विचारले आहेस. सुती लुगडी मला पाठवून दे. मी त्यांची गोधडी शिवून देईन. हे केवळ तुझ्या सांत्वनासाठी लिहीत नाही. गोधडी शिवणे हे माझ्या रोजच्या दिवसातले काम आहे आणि ते काकूंच्या कापडावर करायला मिळाले, तर मला मनापासून आवडेल.

निवड करताना प्रत्येक लुगडे हाताने चाचपून पाहा. वर्षानुवर्षांच्या धुण्याने जे मऊ पडले आहे आणि ज्याची खळ पुरती निघून गेली आहे, तेच गोधडीला उत्तम. नव्या कापडातून सुई जड जाते. नायलॉनची किंवा जॉर्जेटची पातळे पाठवू नकोस, कारण ती घाम शोषत नाहीत आणि टाका घालताना थर एकमेकांवरून घसरतात. जरीचे काम अंगाला टोचते, म्हणून त्यांची येवल्याची पैठणी तू स्वतःजवळ अखंड ठेव. विरलेली, पदराशी फाटलेली लुगडी मात्र आवर्जून पाठव, ती आतल्या थरांत जातात. एक नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते. तिचे चार सारखे तुकडे करून ते दोन-दोन लांबीच्या बाजूने जोडले, की पलंगभर गोधडीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकाच लुगड्यातून निघतात. मध्ये जीर्ण कापडाचे दोन-तीन थर घातले की डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा उतरतो तेव्हाची थंडीसुद्धा भागते.

हे सारे मला सासूबाईंनी शिकवले. जमिनीवर थर अंथरून, सुरकुत्या तळहाताने काढून, सासूबाई आधी चहूबाजूंनी कच्चा दोरा घालतात आणि मग कडेपासून आत येत सरळ धावदोऱ्याच्या ओळी टाकतात. मी नोकरी सोडून घरी राहिले तेव्हा दिवस कसा जाईल, अशी काळजी अनेकांनी व्यक्त केली होती. दिवस जाण्याची अडचण कधीच आली नाही. अडचण आहे ती सलग वेळेची. सकाळचे डबे, थोरलीची वेणी, धाकट्याला रिक्षाकाकांच्या हाती सोपवणे, स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, यांतून अकरा ते दीड एवढाच वेळ माझा असतो आणि त्यातही दाराची बेल वाजतेच. गोधडी अशा तुटक वेळेला सोसते. कुकरची शिट्टी झाली की सुई आहे तिथेच कापडात खोचून उठावे आणि परतल्यावर पुढचा टाका घालावा. मधल्या खोळंब्याची खूण कापडावर राहत नाही. गृहिणीच्या वेळेला रिकामा वेळ म्हणणाऱ्यांनी एकदा ही ओळ शेवटपर्यंत टाकून पाहावी, असे मला फार वाटते.

चित्रे काढण्याचे तसे नाही. तिथे नजर एकदा हलली की समोरचे माणूसही हललेले असते, म्हणून मी आता थोडक्या रेषांत पकडायला शिकते आहे. बुधवारी भाजीसाठी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जाते, तेव्हा पिशवीत छोटी वही आणि मऊ शिशाची ४बी पेन्सिल असते. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांचे हात, नारोशंकराच्या देवळाची घंटा, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती, असे जे दिसेल ते उभ्या उभ्याच काढते. पावसाळ्यात पाणी या मारुतीच्या कुठवर चढले त्यावरून सारे नाशिक पूर मोजते. तीच पातळी मी वहीत एका आडव्या रेघेने टिपून ठेवते. आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगांत रंगवला, ती चित्रे पाहिल्यापासून घाटाच्या पायऱ्यांवरची सावली मला वेगळी दिसू लागली. रंगांपर्यंत मी अजून गेलेली नाही. मुले झोपली असताना मात्र घाई नसते, तेव्हा त्यांची मुडपलेली बोटे आणि उशीवर पसरलेले केस मी सावकाश काढते, आणि पोटच्या मुलांना इतके निरखून आपण एरवी कधी पाहतच नाही, हे दर वेळी जाणवते.

या वहीतूनच गोधडीची नक्षी येऊ लागली आहे. मध्यंतरी मुलांना घेऊन नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर गेले होते. तिथल्या चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या कठड्याची पट्टी आहे, उभे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या अशी. हे लेणे गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातवाच्या राज्यकाळात भिक्षूंना दान दिले, असे तिथल्या शिलालेखात आहे. आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा आणि तिने दिलेले निवाऱ्याचे दान, हे दोन्ही धाकट्याला समजावून सांगताना मला भरून आले. तीच कठड्याची पट्टी मी काकूंच्या गोधडीच्या चारही कडांना घालणार आहे. त्यांच्या इरकलीचे रुंद काठ उभ्या खांबांना चालतील आणि अरुंद काठ आडव्या दांड्यांना. मधला भाग मात्र साधा ठेवू, फक्त धावदोऱ्याचा, कारण काकूंना भरगच्च काही आवडत नसे.

आता तुझ्याकडचे काम. प्रत्येक लुगडे गरम पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत वाळवून पाठव आणि त्याला एक चिठ्ठी टाच. ते त्या कधी नेसत, हळदीकुंकवाला की रोजच्या कामाला, एवढेच लिही. रोजच्या वापरातले वर, तुझ्या डोक्याशी येईल असे लावायचे माझ्या मनात आहे. तुला दुसरे काही हवे असेल तर मोकळेपणाने कळव, कापड कापण्याआधी मी कागदावर आराखडा काढून तुला पाठवीनच. पार्सल दिवाळीपूर्वी मिळाले, तर संक्रांतीच्या सुमारास गोधडी तुझ्या घरी पोहोचेल. मजुरीचा विषय मात्र पत्रात काढू नकोस.

घरातील मोठ्यांना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझीच,
नाशिकची मैत्रीण