कणेरी मठावर भेटलेल्या माणसांचे आभार

रविवारी आमच्या दोन वर्षांच्या लेकाला घेऊन कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय बघायला गेलो होतो. मोट, सुतार, कुंभार, बारा बलुतेदारांचं अख्खं गाव तिथे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून उभं आहे. पण आतली वाट एकेरी आणि लांबलचक. निम्म्यात पोचलो आणि लेकरानं जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. ऊन, भूक, त्यात पुतळे हुबेहूब. माणूस हलत का नाही, हेच त्याला कळत नसावं.

तेव्हा गडहिंग्लजकडच्या एक मावशी पुढे आल्या. "काय झालं रं बाळा, भ्यालास व्हय?" म्हणत त्यांनी त्याला कडेवर घेतलं आणि बैलांच्या पुतळ्यांजवळ नेऊन बैलाच्या शिंगांना हात लावायला दिला. रडं तिथेच थांबलं! मावशी, अनोळखी लेकरू असं हक्कानं उचलून घ्यायला मोठं मन लागतं. त्यांच्या सुनेनं डब्यातला दहीभात भरवला. कॉलेजच्या दोन पोरांनी बाबागाडी पायऱ्यांवरून उचलून नेली आणि नाव विचारायच्या आत निघूनही गेली.

तुम्हा सर्वांचे अगदी मनापासून आभार. आणि ज्या काकांनी पार्किंगपर्यंत जायला स्वतःची छत्री दिली, ते गर्दीत दिसेनासे झाले. काका, काळी छत्री, लाकडी मूठ, आमच्याकडे राजारामपुरीत जपून ठेवली आहे. कृपया निरोप द्या, घरी आणून देतो.